ब्लॅक फॉरेस्टमध्ये घोड्याने अडवलेली वाट

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये गेलात तर टिटीझे तळ्याला जाऊ नका असं सांगून उपयोग नाही, सगळेच जातात, आम्हीपण गेलो. तळ्याकाठी टूरिस्ट बसची रांग, दुकानादुकानात ककू क्लॉक आणि केकसाठी एवढं ताटकळलो की खाताना मूडच गेला होता. त्या भागाबद्दल एवढंच.

खरी मजा सांक्ट मेर्गेन गावाच्या बाजूला आली. चांगली दमछाक करून चढण चढलो तर पुढे लाल-पांढरी पट्टी, झाडतोड चालू आहे म्हणून वाट बंद. नवरा जाम वैतागला. तेवढ्यात झाडीतून साखळीचा खळखळाट आला आणि मागोमाग एक घोडा, गडद चॉकलेटी अंग, आयाळ जवळजवळ पांढरी, मागे स्प्रूसचा लांबलचक ओंडका. मालक साठीचे असावेत, हातात एकच दोर आणि तोही सैल, सगळा कारभार तोंडानेच. मधेच ओंडका एका बुंध्याला अडकला. मला वाटलं आता घोडा हिसका देणार, पण नाही, साखळी ताणली गेली तसा तो आपणहून थांबला, अर्धं पाऊल मागे आला आणि उभा राहिला. काकांनी लोखंडी आकड्याने ओंडका फिरवला, हळूच काहीतरी म्हणाले, आणि घोड्याने मान खाली घालून असा जोर लावला की खुरांखालची माती उडाली. निघाला ओंडका!

ब्रेकमध्ये माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, मशीन असताना घोडा कशाला? म्हणाले मशीनपण आहेच की. पण ते जंगलात ठरवून दिलेल्या वाटांच्या पट्ट्यांवरूनच चालवायचं, कारण त्या वजनाने माती एकदा दबली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि ती सुटी व्हायला कित्येक दशकं जातात. पट्ट्यांमध्ये 40 मीटर अंतर ठेवलं तर मशीनचा हात मधल्या झाडांपर्यंत पोचत नाही, कारण तो जातो साधारण 10 मीटर. मग तिथलं लाकूड घोडा पट्टीपर्यंत आणतो, पुढचं मशीन बघतं. शिवाय घोडा कोवळ्या झाडांच्या मधून वळून जातो, साली सोलत नाही. मला हे आवडलं, उगाच जुनं ते सोनं वगैरे नाही, कामाची वाटणी आहे.

ट्रॅक्टर आले आणि ही इथली घोड्यांची जातच संपत आली होती, 1981 मध्ये नोंदलेल्या माद्या फक्त 160 च्या आसपास उरल्या होत्या. मी विदर्भातली, त्यामुळे मला लगेच कमलापूरचे हत्ती आठवले, तेपण एके काळी गडचिरोलीच्या जंगलात लाकडं ओढायचे, आता लोक त्यांना बघायला जातात. इथला घोडा अजून कामावर आहे एवढा फरक.

आणि मग दोन हायकर आले, लाल-पांढरी पट्टी उचलली आणि फोटो काढायला सरळ आत! उतारावर ओंडका कुठेही घसरू शकतो, साखळीत पाय अडकू शकतो, काही अक्कल? काकांनी नुसतं "ब्रर्र" केलं, घोडा जागच्या जागी थांबला. दोघं सेल्फी काढून बाहेर येईपर्यंत काका आणि घोडा तसेच उभे, एक शब्द नाही बोलले. माझंच डोकं फिरलं, मी मराठीतून काय ते बोलून घेतलं.

आम्ही निमूटपणे लांबच्या वाटेने उतरलो, नवऱ्याचा गुडघा दुखला, बस गेली, आणि पुढची यायला तासभर.