तुम्ही विचारलंत म्हणून: फोर-व्हील-ड्राइव्हची परदेशी बस घ्यावी का?

गाडीतच संसार थाटून फिरायची हौस असलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न: टोयोटा कोस्टर किंवा मित्सुबिशी रोझासारखी जपानी मिनीबस, तीही फोर-व्हील-ड्राइव्ह, स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

इंजिन ऐकायच्या आधी कागद मागा. गोव्यात हरमल-मोरजीच्या बाजूला परदेशी नंबरप्लेटची बस विकायला असेल, तर ती बहुधा कार्नेवर आलेली असते. म्हणजे कस्टम ड्युटी न भरता तात्पुरती आत आणलेली, 6 महिन्यांत देशाबाहेर न्यायची गाडी. ती इथे विकता येत नाही, आरटीओत तुमच्या नावावर होत नाही आणि कस्टमवाले ती जप्त करू शकतात. स्टॅम्पपेपरवरच्या करारनाम्याला इथे काडीची किंमत नाही. स्वतः मागवायची तर वापरलेल्या गाडीला नियम असा: उत्पादनापासून 3 वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि उतरणार ती मुंबई बंदरात, मुरगावात नाही. म्हणजे 20 वर्षांची स्वस्त बस सरळ वाटेने येतच नाही. इथे आधीच पासिंग झालेली असेल तर चॅसीवर ठोकलेला नंबर, आरसी आणि कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या नोंदीचा कागद) हे तिन्ही जुळवून पाहा. आतल्या सीट काढून पलंग-ओटा केला असेल, तर तो बदल आरसीवर चढलाय का, तेही.

आता गाडी. इंजिन हा यातला सोपा भाग. डिझेल पंप, इंजेक्टर, क्लच यांवर काम करणारे कारागीर म्हापसा-फोंड्यात आहेत. घोडं अडतं ते पुढच्या अर्ध्यात. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारे गिअर), एक्सल, हब हे भाग त्याच मॉडेलच्या साध्या बसला नसतातच, त्यामुळे भंगारातही सापडत नाहीत. तेव्हा पैसे देण्याआधी ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर, सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा) आणि हबचे ऑइल सील यांचे पार्ट नंबर काढून परदेशातून लेखी भाव मागवा. भाव येत नसेल तर तेच उत्तर समजा.

चाचणी मोकळ्या मैदानात घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. पुढून कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेलेत. फोर-व्हील कायम जोडलेली असून गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळत असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांमधली कपलिंग जाम झाली आहे. ट्रान्सफर केसचं थोडं तेल काढून बघा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, चमचमलं तर गिअर झिजलेत. पाणी शिरतं त्याचं कारण साधं असतं. तापलेला एक्सल ओहोळात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरची (एक्सलमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी वर चॅसीपर्यंत नेली की हे टळतं.

गंजाकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. जपानात अशा बसा बर्फाळ भागांत चालतात, रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. वर आपली खारी हवा. चॅसीवर ताजा काळा थर दिसला तर संशय घ्या. स्प्रिंगचे हँगर, ब्रेकचे पाइप आणि मागच्या चाकांवरचा पत्रा हातोडीने ठोकून पाहा; बद्द आवाज म्हणजे आत पोकळ.

बऱ्याच जपानी डिझेल बसांची वायरिंग 24 व्होल्टची असते. फ्रिज-पंपासाठी दोनपैकी एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले, तर एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन जाते. कन्व्हर्टरच लावा.

आणि एवढी ताकद नेणार कुठे? किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी. दूधसागरला कुळ्यातूनच नोंदणीच्या जीप जातात. चोर्ला, अनमोड, करमळ हे घाट डांबरी. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसलेली गाडी तिथे चारही चाकं जोडून वळवली तर उलट ट्रान्सफर केसवरच ताण येतो. पावसाळ्यातल्या चिखलासाठी साधी देशी मिनीबस, चांगले टायर, दोन फळ्या आणि दोर पुरतो. तिचे पार्ट मडगावात मिळतात.