जलपर्णी दरवर्षी परत येते, मग काढता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही म्हणजे लिफ्टमध्ये भेटणारे, लग्नाच्या पंगतीत भेटणारे आणि पुण्याच्या पाषाण तलावावर सकाळी फिरायला येऊन, रविवारी हाताने जलपर्णी उपसणाऱ्या आम्हाला हात मागे बांधून बघणारे. प्रश्नापाठोपाठ सल्लाही ठरलेला: औषध मारा.

सल्ल्याचं आधी उरकते. तणनाशकाने जलपर्णी मरते, पण तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग मासे तरंगतात आणि तुम्हीच फोटो टाकता. तिला खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात मुद्दाम आणून सोडले, बंगळूरकडच्या काही तलावांत त्यांनी कामही केलं. पण त्याला वर्षं लागतात, आणि सांडपाण्यावर माजलेली जलपर्णी त्यांच्या खाण्याच्या वेगाला दाद देत नाही.

राहिला हात. रोप ओढलं की एकटं येत नाही. पाण्यावरच्या आडव्या दांड्याने त्याची पिल्लं त्याला जोडलेली, पिल्लांना त्यांची पिल्लं. देठ फुगीर, दाबला की स्पंजसारखा. खाली काळ्या मुळांचा झुपका, त्यात चिखल, गोगलगायी, डासांच्या अळ्या. वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी. चार रोपं राहिली तरी उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट, आणि बी तर गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं. तेव्हा ती परत येते हे आम्हालाही कळतं हो.

पूर्वी मी ऐकवायचे, ही ॲमेझॉनची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेने बंगालात आणलेली, परकी आहे, उपटली की तलाव मोकळा. ती मी आज भेटले तर म्हणेन, बाई, आली असेल ॲमेझॉनहून, जेवते आपल्याकडे. रामनदीतून तलावात येणारं भूगाव-बावधनचं सांडपाणी, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस, हे तिचं ताट.

आता ती सभा. आमची सोसायटी नदीच्या वरच्या अंगाला. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आहे. रात्री त्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद असतो हे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक. वार्षिक सभेत मी विषय मांडला: एसटीपी चोवीस तास चालवा, वीजबिलासाठी मेंटेनन्स थोडा वाढवा. सामोसे आलेले, माइक खरखरत होता, कुणीतरी मध्येच पार्किंगचं काढलं. पुढच्याच रांगेत रविवारी माझ्याबरोबर चिखलात उतरणारे काही जण बसले होते, त्यांच्या भरवशावरच तर मी उठले होते. "विरोधात कोण?" म्हटल्यावर त्यांच्यातल्या काकांचा हात वर गेला. आदल्याच दिवशी तलावावर होतो आम्ही. नखांतला काळा गाळ निघालेला नव्हता. मग इतरांचेही गेले. बाहेर जिन्यात ते म्हणाले, "ताई, तलावाचं काम वेगळं, सोसायटीचं वेगळं. मी पेन्शनवर आहे." मी "बरं" म्हणाले. खूप काही बोलायचं होतं, पण पेन्शनपुढे काय बोलणार? पुढच्या रविवारी काका नेहमीसारखे माझ्याआधी हजर, गमबूट घालून, दाताळं घेऊन. आम्ही एकच पट्टा दोन्हीकडून ओढला आणि सकाळभर एकमेकांशी बोललो नाही.

मुलगी म्हणते, "आई, तुम्ही वरून साफ करता म्हणून खालची घाण कुणाला दिसत नाही. राहू दे, निदान लोक नाकं तरी मुरडतील." मी म्हणते, बाहेर काढलेल्या रोपाबरोबर त्याने शोषलेलं नायट्रोजनही बाहेर जातं. ती विचारते, जातं किती आणि येतं किती? इथे मी चहा टाकायला उठते. पक्षीवाले म्हणतात, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावरच वावरतात, पावसाळ्यात घरटी असतात, हात लावू नका. ते मात्र आम्ही पाळतो.

एसटीपीचा विषय मी यंदाच्या सभेसाठी पुन्हा दिलाय. सेक्रेटरींनी तो "ऐन वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" मध्ये ढकललाय. अनुमोदक म्हणून सही हवी. काकांकडे मागू का, ते काही ठरत नाहीये.