जळगाव ते तोरणमाळ, लहान मुलं सोबत असताना

सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ जळगावहून साधारण २०० किलोमीटर. मोठी माणसंच असली तर पाच तास पुरतात. दोन ते सात वर्षांची मुलं असतील तर सात तास धरा आणि सकाळी सहाला निघा. विदगाव, धानोरा, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा असा हा रस्ता बहुतेक पश्चिमेकडेच जातो, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी राहतं. हिवाळ्यात नऊ-दहानंतर ते डाव्या काचेतून थेट आत येतं. म्हणून मुलाची सीट मागे उजव्या बाजूला बसवा, पण उतरवताना मूल डाव्या दारानेच काढा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट कायद्यानेच लागते. मांडीवर बसवून नेणं बंद करा. करकचून ब्रेक लागला की कुणाचेही हात पुरत नाहीत.

मूल रडायला लागल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. दर दीड तासाला, झोपलेलं नसेल तर, पंधरा मिनिटं थांबा आणि त्याला पळू द्या. पहिला थांबा अडावदजवळचं उनपदेव. गरम पाण्याचा झरा आहे, मोकळी जागा आहे. पाणी आधी आपल्या हाताला लावून बघा. दुसरा शिरपूर, तिसरा शहादा. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या.

खाण्यात दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या सर्वांत सोयीच्या: तुकडे हातात धरता येतात, सांडत नाहीत. सोबत लाह्या, राजगिऱ्याचे लाडू आणि चोपड्याच्या बाजूला मिळणारी केळी. ढाब्यावरची शेवभाजी मोठ्यांनी परतीला खावी. ते तेल-तिखट पोटात घेऊन मुलाने घाट चढणं म्हणजे उलटी ठरलेली.

खरी परीक्षा राणीपूरनंतर, सात पायरी घाटाच्या वळणांवर. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर वळतंय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीतूनच मळमळ होते. म्हणून घाटाआधी म्हसावदलाच मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं पिशवीत टाका. शेवटचं खाणं घाटाच्या तासभर आधी आणि थोडंच, अर्धं केळं किंवा एखादी दशमी. पोटभर दूध नकोच. मुलाला समोरच्या काचेतून लांबचा डोंगर बघायला लावा, खिडकी चार बोटं उघडी ठेवा, वळणाआधीच वेग कमी करा. गाडीतली वासाची बाटली घरीच काढून ठेवा, तिनेही पोट ढवळतं. उलटीचं औषध द्यायचं असेल तर मात्रा आणि वेळ बालरोगतज्ज्ञांकडून आधी ठरवून घ्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं फारसं लागू पडत नाही.

बिनछिद्राच्या चार पिशव्या, ओला पंचा आणि कपड्यांचा एक जोड पायाशी ठेवा, डिकीत नव्हे. उलटी झाली तर दहा मिनिटं काही देऊ नका, मग चमच्या-चमच्याने ओआरएस द्या. मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अंदाजाने अर्धंमुर्धं केलं की मिठाचं प्रमाण बिघडतं.

सपाटीवर करमणुकीला खिडकी पुरते. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या कोण जास्त मोजतो, सातपुडा कुणाच्या बाजूला आहे, एवढ्यावर तास निघतो. मात्र खेळ मोठ्या माणसानेही मन लावून खेळायला हवा. नुसतं ‘बघ बघ’ म्हटल्याने मूल पाच मिनिटांत कंटाळतं.

त्याच दिवशी परतू नका. वर यशवंत तलावाजवळ मुक्काम करा, स्वेटर न्या, आणि सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने घाट उतरा.