चोर्ला चढून गेल्यावर

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेलं फळा-पानांचं छत, उतरली की आमच्या ग्रूपला फिरायचे वेध लागतात. यंदा सर्वेशने गंडीकोट्याचा हट्ट धरला होता. पेन्ना नदीने कोरलेली ती लाल दरी रील्समध्ये बघून बघून त्याची पाठ झालीय. पण रजा कोणाकडेच शिल्लक नव्हती, आणि आंध्रापर्यंत गाडी हाकण्याची ताकद सगळ्यांची फक्त बोलण्यात. शेवटी नमिता म्हणाली, "दरीच बघायची ना तुला? मग सुर्ल्याला चल. सकाळी डिचोलीतून निघायचं, दुपारी जेवायला घरी." जेवायला कोणी घरी पोचलं नाही, पण बेत ठरला.

साखळीला पातळभाजी, पाव आणि दोन-दोन बन्स असा भरणा करून पर्येमार्गे केरी गाठली. तिथल्या आजोबा देवाला गाडीतूनच हात जोडले. इथून चोर्ला घाट सुरू होतो. समोरून बेळगावची भाजी आणि दूध घेऊन उतरणाऱ्या टेम्पोंची रांग. गोव्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांतली कोबी-मिरची ह्याच वळणांवरून येते, हे घाटात अडकल्यावर नीट कळतं. एका वळणावर झाडी विरळ होते आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. त्या पाण्याखाली माणसांची घरं-शेतं गेली आहेत. आमच्या बाबलचे एक नातेवाईक तिथलेच. त्यामुळे बाकीचे फोटो काढत असताना तो मात्र नेहमी गाडीतच बसून राहतो.

घाटमाथ्यावर सुर्ल्याचा फाटा घेतला आणि एसी बंद केला. गोव्यात राहून थंडी वाजते अशी ठिकाणं मोजकी, त्यातलं हे एक. गावापुढे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चालत गेलो. जमीन बघत चाला, असं सांगेन. सप्टेंबरअखेर जांभ्याच्या खळग्यांत सीतेची आसवं ही रानफुलं जांभळी होऊन डोलत असतात. त्यांच्या पायाशी बोटाच्या पेराएवढं दवबिंदू नावाचं झाड. लाल केसांवर चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. नमिता गुडघे टेकून पाच मिनिटं ते बघत बसली. तेवढ्यात तिच्या घोट्यावर जळू चढली, मग सड्यावर जो नाच झाला त्याचं वर्णन न करणंच बरं.

कड्याशी पोचलो तर समोर नुसतं पांढरं. धुकं. सर्वेश लगेच, "ह्याच्यापेक्षा गंडीकोटा..." वाक्य पुरं व्हायच्या आत वारा फिरला आणि पडदा फाटला. समोरच्या कड्यावर काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले, प्रत्येक थराच्या कंगोऱ्यावर गवताची हिरवी पट्टी, आणि वरून उड्या घेत खाली येणाऱ्या धारा. एक बारीक धार तर खाली पोचतच नव्हती, वारा तिला उचलून परत वर फेकत होता. दख्खनच्या लाव्हाचा बसाल्ट गोव्यात फक्त ह्या ईशान्य कोपऱ्यात डोकावतो, आणि तो जिथे एकदम तुटतो त्या काठावर आम्ही उभे होतो. तळाला म्हादई नदीचं जंगल इतकं दाट, की पाण्याचा आवाज येतो, पण ओढा दिसत नाही. गंडीकोट्याची दरी उघडीवाघडी आहे, ही झाकलेली. माझं मत विचाराल तर मला झाकलेली जास्त आवडते.

हे जंगल १९९९ पासून अभयारण्य आहे, २०८ चौरस किलोमीटर. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांना पहिल्यांदा कळलं, की इथे सत्तरी तालुक्यात वाघ आहेत.

तिथून परत फिरायचं होतं. पण बाबलने गाडी सरळ कर्नाटकातल्या कणकुंबीकडे नेली. पाट्या कानडी, बोलणं मराठी. चहावाल्या काकांनी विचारलं, "गोव्याकडनं आलासा काय?" मग स्वतःहूनच हात करून दाखवलं, "त्या टेकाडाच्या हिकडं पाऊस पडला तर तुमच्या समुद्राला, तिकडं पडला तर बागलकोटाकडं." टेकाड म्हणजे काय, तर मुलं क्रिकेट खेळतील एवढा उंचवटा. पण हिशोब खरा आहे. मलप्रभा कणकुंबीतच उगम पावते, पट्टदकलच्या देवळांना वळसा घालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. इथलाच कळसा नाला मात्र गोव्याकडे, म्हादईला. हा नाला उलटा वळवून मलप्रभेत टाकायचा, ह्यावरच गोवा-कर्नाटकाचं एवढं भांडण. पाणीतंटा लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेकडे वळवायला. गोव्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पेपरात हे आकडे वाचताना मी पान उलटायचो.

परतीच्या वाटेवर सर्वेश आणि बाबल घाटभर भांडले. सर्वेशचा मुद्दा, तिकडे प्यायला पाणी नसेल तर द्यायला नको का? बाबल म्हणे, प्यायला किती आणि उसाला किती, ते आधी सांग. नमिताने दोघांना आठवण करून दिली की डिकीत आत्ताच घेतलेली बेळगावची पाच किलो भाजी आहे. त्यावर दोघेही तिच्यावरच उलटले.

जाणार असाल तर पेट्रोल साखळीत भरा, वर पंपाचा भरवसा नाही आणि कर्नाटकात महागही पडतं. सड्यावर चपला नकोत, बूट घाला आणि मीठ जवळ ठेवा, जळवांना. वझरा सकला धबधब्याशी खाली उतरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या दोन्ही हवेत. पावसात त्या नादाला लागूच नका. आणि रविवार टाळा. रविवारी कड्यावर दरीपेक्षा स्पीकर जास्त घुमतात.