घाटावरची गाय आणि काळं घमेलं

गोठ्यात शिरायच्या आधीच वास आला. साध्या हगवणीला असा वास नसतो. हा कुजका, नाकात बसणारा. गाय उभी होती, पण शेपटीपासून खुरांपर्यंत माखलेली, डोळे आत गेलेले. जबड्याखाली पाणी उतरलं होतं. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. ताप नाही. वैरणीला तोंड लावत नव्हती, पण पाण्याची बादली पुढे केली की एका दमात रिकामी.

तुळशीच्या लग्नाच्या आधीचा आठवडा. सिंधुदुर्गातल्या गुरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर, तेव्हा लाळ्या-खुरकुताचं लसीकरण चालू होतं. दिवसभर टोचायचं, कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर भरायचा आणि रेंज मिळेपर्यंत काजूच्या झाडाखाली उभं राहायचं. त्यातून वेळ काढून गेले, कारण या वहिनींची एक गाय माझ्या हातून आधीच गेली होती.

बचतगटाच्या कर्जातून त्यांनी मे महिन्यात घाटावरून दोन जर्सी संकरित गाई आणल्या. पहिली आठवड्याभरापूर्वी गेली. अशीच हगवण. मी तिचं शेण तपासायला पाठवलं होतं, उत्तर आलं ‘जंतांची अंडी आढळली नाहीत’. तरी अल्बेंडाझोल हे नेहमीचं जंतनाशक दिलं, सलाईन लावलं. चौथ्या दिवशी गेली. मी दुसऱ्या गावात होते, येईपर्यंत त्यांनी पुरलीही होती. वाडीत सगळे म्हणाले, घाटावरच्या गायीक कोकणाची हवा मानवणा नाय. रजिस्टरमध्ये मी कारण लिहिलं ‘हगवण’. हगवण हे कारण नसतं, हे मला कळतं. तरी लिहिलं.

आता वहिनी दारात उभ्या. “मॅडम, ही पण गेली तर मी काय करू? कर्ज अजून फिटूक नाय.”

शेजारच्या खुंट्याला त्यांची गावठी गाय निवांत रवंथ करत होती. तिन्ही गाई दसऱ्यापासून एकाच मळ्यात, म्हणजे सखल पाणथळ भातजमिनीत, चरत होत्या, हळवं भात कापल्यावर. नुसती हवा मानवत नसेल तर जबड्याखाली पाणी कसं उतरतं, हा विचार तिथे पहिल्यांदा नीट केला.

“काळं घमेलं आहे का?” मी विचारलं. सिमेंट कालवायचं प्लास्टिकचं निघालं. तांब्याभर पातळ शेण बादलीत धरलं, पाणी ओतून ढवळलं, थांबले, वरचं गढूळ हळूच ओतून दिलं. पुन्हा पाणी. चार वेळा केल्यावर तळाशी उरलं ते घमेल्यात पसरलं आणि उन्हात आणलं. काळ्यावर फिकट गुलाबी, तिळाएवढे दाणे. त्यातला एक हळूच आखडला आणि पुन्हा लांब झाला. वहिनी वाकून बघत होत्या. “जिवंत आसत?” त्यांनी पदर तोंडाला लावला.

हे ॲम्फिस्टोम नावाच्या चपट्या कृमींचे कोवळे जीव. मळ्यातल्या पाण्यात चपट्या, दोरीच्या वेटोळ्यासारख्या शंखाची गोगलगाय असते, तिच्यात वाढून ते बाहेर पडतात आणि ओल्या गवताच्या काडीला चिकटतात. गाईने गवत खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीला भिंतीत शिरतात, आणि ती भिंतच खातात. महिना-दीड महिन्याने वर सरकून मोठ्या पोटात जातात, तिथे डाळिंबाच्या दाण्यांसारखे चिकटून बसतात आणि फारसा त्रास देत नाहीत. अंडी घालतात ती तिथे पोचून मोठे झाल्यावर. म्हणजे गाय मरते तेव्हा शेणात एकही अंडं नसू शकतं. शिवाय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिठाच्या दाट पाण्यावर तरंगणारी अंडीच बघतात. ती गोलकृमींची. चपट्या कृमींची अंडी जड, तळाला बसतात, आणि तळाशी कोणी बघत नाही. अहवाल खोटा नव्हता. प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि तो मी विचारला होता.

गावठी गाय लहानपणापासून हे थोडं थोडं खात आलेली, म्हणून तिचं शरीर सरावलेलं. घाटावरची पहिल्यांदाच त्या मळ्यात उतरली.

आणि अल्बेंडाझोल या कोवळ्या कृमींना शिवतसुद्धा नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर आपण जंतनाशकाची मोहीम करतो, गावभर तीच बाटली, अंदाजाने घोट. मला याचा मनापासून राग आहे. वजन काढायला लागणारी टेप काही महाग नसते. या गाईची छाती ६० इंच, लांबी ५२. छातीचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० : २८४ किलो. वहिनींच्या दिराने डोळ्यांनी दोनशे सांगितली होती. मोजलेल्या वजनावर ऑक्सिक्लोझानाइड हे चपट्या कृमींवरचं औषध पाजलं, तीन दिवसांनी पुन्हा. मध्ये शिरेतून सलाईन, आणि तोंडाने मीठ-गुळाचं पाणी, वहिनींनी रात्री दोनदा उठून पाजलं. पाचव्या दिवशी शेणाला आकार आला. आठव्या दिवशी गाय माझ्या पिशवीला शिंग लावायला आली.

गावठी गाईलाही औषध द्या म्हटलं, तर दीर म्हणाला, “ती बरी आसा, तिका कित्याक?” मळ्यात अंडी टाकणारी तीच आहे, हे समजावायला अर्धा तास गेला. शेवटी पाजलं.

“मळ्यात सोडू नका,” मी निघताना सांगितलं.

“मग खंय सोडू मॅडम? सड्यार आता गवत खंय ऱ्हवला?”

खरंच नव्हतं. दसरा उलटला की सड्याच्या कातळावरचं गवत पिवळं पडतं, हिरवं उरतं ते फक्त पाण्याकाठी. पाण्याला लागून असलेला पट्टा बांबूने आडवा, गवत वरच्यावर कापा, पेंढा खडखडीत वाळवून द्या, एवढं सांगितलं. सध्या दोन्ही गाई बांधून आहेत आणि वहिनी रोज डोक्यावरून भारे आणतात. किती दिवस आणतील, मला माहीत नाही. घमेलं मात्र त्यांनी सिमेंटला परत दिलेलं नाही.