घंटीच्या पाटीवरचे नाव : बर्लिनमधील माझे चार महिने

2023 च्या उन्हाळ्यात मी बर्लिनमध्ये चार महिने राहिले आणि तेथील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. निघण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांनी व्हिसा, विमा आणि विमानाचे तिकीट याविषयी भरभरून सांगितले. मात्र राहत्या घराच्या टपालपेटीवर स्वतःचे नाव लावण्याबद्दल कोणीही अवाक्षर काढले नाही. माझ्या मुक्कामातील सर्वांत मोठी अडचण उभी राहिली ती त्या दोन बोटे रुंद कागदी पट्टीपायी, आणि म्हणूनच हा अनुभव लिहावासा वाटला.

व्हिसाची प्रक्रिया लांबलचक असली तरी सरळ होती. अभ्यासाशी संबंधित प्रशिक्षणासाठी जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते आणि तिच्यासाठी अर्ज करण्याचे काम कंपनीने केले. ती संमती, कंपनीचा करार, आरोग्यविमा आणि 75 युरो शुल्क एवढ्यावर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. माझे प्रशिक्षण महाविद्यालयाने सक्तीचे केलेले नव्हते आणि त्याची मुदत तीन महिन्यांपेक्षा अधिक होती, त्यामुळे जर्मन कायद्याप्रमाणे मला किमान वेतन, म्हणजे त्या वर्षीच्या दराने तासाला 12 युरो, मिळणे बंधनकारक होते. अभ्यासक्रमात सक्तीच्या असलेल्या प्रशिक्षणाला हा नियम लागू होत नाही. महाविद्यालयाकडून पत्र घेताना त्यात ‘सक्तीचे’ हा एक शब्द आहे की नाही, यावर पगाराचा आकडा ठरू शकतो, हे मला आधी मुळीच ठाऊक नव्हते.

खोली शोधण्यात मात्र दोन महिने गेले. बर्लिनमध्ये तीन-चार जण मिळून एक घर भाड्याने घेतात आणि त्यांतील एखादा काही महिने बाहेरगावी गेला की तेवढ्या काळापुरती त्याची खोली दुसऱ्याला देतात. अशा जाहिरातींत मला वारंवार ‘कायने आनमेल्डुंग’, म्हणजे ‘आनमेल्डुंग नाही’, हे शब्द दिसत होते. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला एक अर्ज जोडावा लागतो. जो घर देणारा ही सही द्यायला तयार नसतो, तो जाहिरातीतच तसे लिहून टाकतो. अशा खोल्या स्वस्त होत्या आणि मोहही झाला होता, पण नोंदणी नाही तर कर ओळखक्रमांक नाही, आणि तो नाही तर पगाराचा हिशेब बिघडतो, हे कंपनीने आधीच कळवले होते. दोन ठिकाणांहून ‘मी सध्या परदेशात आहे, आधी अनामत पाठवा, किल्ल्या टपालाने येतील’ अशी उत्तरे आली, तेव्हा मी तो पत्रव्यवहार तेथेच थांबवला. अखेर नॉयक्योल्न भागात, लाइनेश्ट्रासे या भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून चालत सहा मिनिटांवर, महिना 520 युरो भाड्याची खोली मिळाली. हे ‘उबदार भाडे’ होते, म्हणजे पाणी, घर गरम ठेवण्याची व्यवस्था आणि सामायिक खर्च त्यात धरलेले होते. ‘थंड भाडे’ असे लिहिलेले असेल तर तो खर्च वेगळा द्यावा लागतो.

मी 30 एप्रिलला, रविवारी, पोहोचले. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे मी वाचले होते, पण दुसऱ्या दिवशीचा सोमवार 1 मे, म्हणजे कामगार दिनाची सुट्टी, हे लक्षातच घेतले नव्हते. सलग दोन दिवस बाजार बंद. घरातील माझी सहनिवासी शाळेत शिक्षिका होती. तिने मला मुख्य रेल्वे स्थानकातील दुकाने रविवारीही उघडी असतात हे सांगितले आणि स्वतः बरोबर येऊन रस्ता दाखवला. त्या पहिल्या फेरीतच मला कळले की स्थानकांवर कोठेही अडसराचे दरवाजे नाहीत, कोणीही थेट गाडीत चढू शकतो. परंतु साध्या वेशातील तपासनीस मध्येच तिकीट मागतात आणि ते नसेल तर 60 युरो दंड भरावा लागतो. देशभर स्थानिक गाड्यांत चालणारा 49 युरोंचा मासिक पास नेमका त्याच 1 मे पासून सुरू झाला होता. तो दरमहा आपोआप पुढे चालू राहतो आणि बंद करायचा असल्यास त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते, ही तारीख मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवली.

पत्ता नोंदवण्याचे काम ब्युर्गरआम्ट या नागरिक कार्यालयात होते. शहराच्या बाराही जिल्ह्यांतील कोणतेही कार्यालय चालते, पण आगाऊ वेळ मिळणे हेच तेव्हा मुळात कठीण होते. संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत पुढील कित्येक आठवडे रिकामा दिवस दिसत नव्हता. कोणी वेळ रद्द केली की ती सकाळी लवकर तेथे दिसू लागते, असे कंपनीतील एका सहकाऱ्याने सांगितल्यावर मी रोज सात वाजता उठून पान उघडू लागले आणि पाचव्या दिवशी 17 मे ची वेळ मिळाली. दोन आठवड्यांची मुदत तीन दिवसांनी हुकली होती, परंतु टेबलापलीकडील बाईंनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि घर देणाऱ्याचा सही केलेला अर्ज पाहिला, धर्माच्या रकान्याबद्दल विचारले, कारण नोंदणीकृत ख्रिस्ती पंथाच्या सभासदांकडून आयकराबरोबर चर्चचा करही घेतला जातो, आणि दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात ठेवला. “कर ओळखक्रमांक आपल्याला टपालाने येईल,” असे त्या म्हणाल्या. मी त्या कागदाकडे पाहत बाहेर पडले आणि सगळे पार पडले असे समजले.

काम मला मनापासून आवडले. कंपनी सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीवर काम करत असे आणि माझ्याकडे स्थानकांतील लिफ्ट व उतारांच्या नोंदी तपासण्याचे काम होते. आठवड्यातून एक दिवस मी प्रत्यक्ष स्थानकांवर जाऊन पाहत असे. चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्या माणसाला नकाशावर दिसणारी लिफ्ट प्रत्यक्षात बंद निघाली, तर त्याला पुढच्या स्थानकापर्यंत जाऊन परत यावे लागते; त्यामुळे नोंदीतील एका चुकीचे मोल किती असते, हे मला टेबलापाशी बसून कधीच उमगले नसते. संध्याकाळी सहानंतर मी रेंगाळले, तर वरिष्ठ सहकारी येऊन ‘फायरआबेंड’ म्हणत असे. दिवसाचे काम संपले आणि आता उरलेला वेळ आपला, एवढे सगळे त्या एका शब्दात सामावलेले आहे. प्रशिक्षणार्थीलाही कायद्याने भरपगारी रजा मिळते, हेही त्याच्याकडूनच कळले.

मे अखेरचे पगारपत्रक आले, तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले. करवर्गाच्या रकान्यात सहा हा आकडा होता. एकट्या नोकरदाराला साधारणपणे पहिला वर्ग लागतो. ओळखक्रमांक नसेल तर सहावा लावला जातो आणि त्यात कपात सर्वाधिक असते. लेखापालांनी शांतपणे सांगितले की क्रमांक मिळाला की फरक पुढच्या पगारात परत येईल. पण क्रमांक येईना. बँकेचे कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक ही दोन स्वतंत्र पत्रेही येईनात. पगार खात्यात जमा होता, भाडे ऑनलाइन भरता येत होते, परंतु रोख रक्कम काढण्याचा मार्ग नव्हता, आणि बर्लिनमधील पुष्कळ लहान दुकाने तेव्हा रोखच मागत असत. मी रोज दोनदा टपालपेटी उघडून पाहत असे. बँकेला दूरध्वनी केला, तेव्हा कार्ड पाठवले होते आणि ते परत आले, असे उत्तर मिळाले. घोडे कोठे अडले आहे, हे तरीही मला कळत नव्हते.

उलगडा झाला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, अंगणात. जुन्या बर्लिनमधील घरे रस्त्याकडील इमारत, मधले अंगण आणि मागची इमारत अशा रचनेची असतात, आणि आमच्या टपालपेट्या त्या अंगणाच्या तोंडाशी भिंतीवर ओळीने लावलेल्या होत्या. मी आमची पेटी पुन्हा एकदा उघडत असताना तळमजल्यावरील वृद्ध गृहस्थ सायकल लावत होते. त्यांनी मला नाव विचारले, पेटीकडे बोट दाखवले आणि सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये म्हणाले, “येथे तर तुमचे नाव नाही. मग पोस्टमनला तुम्ही कशा ठाऊक असणार?” मी प्रथमच नीट पाहिले. घराला क्रमांक होता, पण आतील एकाही सदनिकेला क्रमांक नव्हता. रस्त्यावरच्या दारापाशी घंट्यांची पितळी पाटी होती, तिच्यावर आडनावे होती. पेट्यांवरही आडनावेच होती. आमच्या पेटीवर सहनिवासीचे आणि माझी खोली जिची होती तिचे, अशी दोनच आडनावे होती. पत्त्यात मजला लिहिण्याची पद्धत नाही, सदनिकेचा क्रमांक नाही. दारावरच्या नावाशी पाकिटावरचे नाव जुळले तरच पत्र आत पडते, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत जाते.

त्या गृहस्थांनी घरातून कात्री, पांढरा कागद आणि चिकटपट्टी आणली. मी माझे आडनाव रोमन अक्षरांत लिहिले, तर त्यांनी पट्टी परत दिली आणि अक्षरे मोठी काढायला सांगितली, कारण पोस्टमन सकाळच्या अंधुक प्रकाशात चालता चालता वाचतो. दुसरी पट्टी त्यांना पसंत पडली. ती त्यांनी पेटीवर चिकटवली, तशीच एक घंटीशेजारी काचेखाली सरकवली, अंगठ्याने कडा दाबल्या, आणि माझ्याशी हस्तांदोलन करून ते आत गेले. मी सात आठवडे त्या घरात राहत होते, पण माझ्या नावाने कोणी माझ्याशी हात मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच संध्याकाळी मी बॉनमधील केंद्रीय कर कार्यालयाकडे क्रमांकासाठी पुन्हा अर्ज केला. तो क्रमांक फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, टपालानेच पाठवतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राखाडी पाकीट पेटीत पडलेले दिसले, आत अकरा अंकी क्रमांक होता, आणि माझा जीव भांड्यात पडला. जुलैच्या पगारात आधीची जादा कपात परत मिळाली. बँकेची दोन्ही पत्रे त्याआधीच आली होती.

त्यानंतर मी शहरात चालताना नावे वाचू लागले. बर्लिनच्या पदपथांवर घरांच्या दारांपुढे दहा सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा असलेले चौकोनी स्मृतिदगड बसवलेले आहेत. गुंटर डेम्निग या कलाकाराने हे काम सुरू केले आणि बर्लिनमध्ये त्याने पहिले दगड 1996 मध्ये क्रॉइत्सबेर्गमध्ये बसवले. बहुतेकांवर सुरुवात ‘हियर वोन्टे’, म्हणजे ‘येथे राहत असे’, या शब्दांनी होते; त्याखाली नाव, जन्मवर्ष आणि नाझी राजवटीने त्या माणसाला कोठे नेले व मारले ते लिहिलेले असते. मी असताना, त्याच मे महिन्यात, न्युर्नबेर्गमध्ये असा एक लाखावा दगड बसला. मी रोज स्थानकाकडे जात असे त्या वाटेवर एका स्त्रीच्या नावाचा असा एक दगड होता, आणि जूनपर्यंत मी तो ओलांडूनच जात होते. नंतर मात्र मी दररोज क्षणभर थांबून ते नाव वाचत असे. एखाद्या दारावर नाव असणे आणि ते तेथून पुसले जाणे याचा अर्थ माझ्या क्षुल्लक अडचणीशी ताडून पाहण्याजोगा मुळीच नाही, तरीही त्या अडचणीनेच मला खाली पाहायला लावले.

शहराच्या उन्हाळ्याबद्दल लिहावे तेवढे थोडे आहे. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामानंतर आणखी एक अख्खी दुपार हाती लागल्यासारखे वाटते. मी बहुतेक संध्याकाळी टेम्पलहोफच्या मैदानावर जात असे. हा 2008 मध्ये बंद झालेला विमानतळ आहे. 2010 पासून तो सर्वांना खुला आहे आणि 2014 मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून त्यावर इमारती बांधायला नकार दिला. जुन्या धावपट्टीवर मुले सायकल शिकतात, पतंग उडतात, आणि वारा इतका मोकळा असतो की आजूबाजूला एवढे मोठे शहर आहे हे विसरायला होते. 21 जूनला संगीताचा उत्सव होता, तेव्हा चौकाचौकात वादक उभे होते. रात्री दहानंतर घरांत शांतता पाळावी लागते. म्हणून ज्यांच्याकडे मेजवानी असेल ते जिन्यात आधीच चिठ्ठी लावतात, गोंगाटाबद्दल क्षमा मागतात आणि खाली मजला व नावे लिहितात. ऑगस्टमध्ये आमच्या घरी तशी मेजवानी झाली, तेव्हा सहनिवासीने चिठ्ठी लिहिली आणि न विचारता तिच्या नावाखाली माझेही नाव लिहिले. तळमजल्यावरचे गृहस्थ आले आणि अकरापर्यंत बसले.

देश सोडताना नोंदणी रद्दही करावी लागते. हा अर्ज निघण्याच्या फार तर एक आठवडा आधीपासून देता येतो आणि त्यासाठी आगाऊ वेळ घेण्याची गरज नसते; तो मी टपालाने पाठवला. 10 ऑगस्टपूर्वी पासही बंद केला होता. सामान बांधून झाल्यावर मी कात्री घेऊन खाली गेले, पण सहनिवासीने मला थांबवले. कंपनीचे वर्षाचे कर प्रमाणपत्र आणि बँकेचे खाते बंद झाल्याचे पत्र अजून यायचे होते. ऑक्टोबरमध्ये तिचा संदेश आला की दोन्ही पत्रे पोहोचली आहेत, त्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, आणि पेटीवरची पट्टी तिने आज काढली. घंटीवरची मात्र काचेखालून निघत नाही, म्हणून ती तशीच राहू दिली आहे.