जिथे काही सापडलं नाही, तेही झंजीरचंच काम

१२ मार्च जवळ आला की ठाण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फुलांनी झाकलेल्या झंजीरचा फोटो फिरू लागतो. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला हा लॅब्रॅडॉर. १२ मार्च १९९३च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांनंतरच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधून दिली. मुंबईबरोबर मुंब्रा आणि ठाण्यातही त्याच्यामुळे स्फोट टळले. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

आकडे मोठेच आहेत. पण श्वान पथकातल्या कुत्र्याच्या बहुतेक ड्युट्यांमध्ये काहीच सापडत नाही. बेवारस बॅग, सभेचं मैदान, ठाणे स्टेशनचा फलाट हुंगून तो न बसता (बसणं ही स्फोटक सापडल्याची खूण) पुढे जातो आणि त्या भरवशावर हजारो माणसं तिथून चालू लागतात. हे 'काही नाही' खात्रीचं ठरावं म्हणून जी मेहनत होते, ती त्या फोटोत दिसत नाही.

स्फोटकाच्या कुत्र्याला वास लागला तर भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, गुपचूप बसायचं हे शिकवतात, कारण धक्क्यानेही घात होऊ शकतो. सुरुवात डब्यांपासून. एका डब्यात स्फोटकाचा नमुना, बाकीचे रिकामे. बरोबर डब्यापाशी बसला की बक्षिसाचा चेंडू तत्क्षणी आणि तिथेच मिळायला हवा. दोन-तीन सेकंद उशीर झाला, कुत्र्याने मान वळवून हँडलरकडे (त्याला हाताळणाऱ्या पोलिसाकडे) पाहिलं आणि मग चेंडू आला, तर तो हँडलरकडे पाहायलाच शिकतो.

बाकीच्या डब्यांत नुसते हातमोजे, प्लास्टिक, चिकटपट्टीही ठेवावी लागते, नाहीतर कुत्रा स्फोटकाऐवजी हातमोज्याच्या वासावर बसू लागतो. नमुने एकाच कपाटात ठेवले तर वास एकमेकांत मुरतात. आरडीएक्सची तर वाफच जवळजवळ होत नाही. कुत्र्याला बरेचदा लागतो तो त्यातल्या सायक्लोहेक्झानोनसारख्या द्रावकाचा वास. म्हणून नमुना लपवल्यावर वास पसरायला निदान अर्धा तास द्यावा.

सगळ्यात चिवट चूक माणसाची असते. नमुना कुठे आहे हे हँडलरला माहीत असलं की त्या जागी त्याची पावलं मंदावतात, पट्टा किंचित ताणला जातो. कुत्रा तेवढ्यावर बसतो. सरावात तो हुशार दिसतो, ड्युटीवर फसतो. यावर उपाय एकच: नमुना दुसऱ्याने लपवायचा आणि हँडलरला सांगायचं नाही.

खरा वास लागतो तेव्हा जवळून पाहण्यासारखं असतं. हा-हा करत चाललेलं तोंड एकदम मिटतं, शेपटीची लय बदलते, सेकंदाला पाचेक छोटे श्वास सुरू होतात, मान त्याच फटीकडे परत वळते आणि मग बूड टेकतं. तोंड मिटणं महत्त्वाचं, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट उकाड्यात वीसेक मिनिटांनी सावली, पाणी आणि विश्रांती द्यावीच लागते. ते टाळून मिळालेल्या 'काही नाही'वर भरवसा ठेवू नये. आणि सलग कितीतरी ड्युट्यांत काहीच हाती लागलं नाही तर कुत्र्याचा रस आटतो. त्यासाठी नंतर वेगळ्या जागी सरावाचा नमुना ठेवून त्याला जिंकू द्यायचं. ही त्याची हक्काची कमाई आहे.

झंजीरला गाठणारा हाडांचा कर्करोग मोठ्या चणीच्या कुत्र्यांत जास्त दिसतो. सुरुवातीला नुसतं लंगडणं असतं. उडी मारताना मुरगळलं असेल असं वाटतं, वेदनाशामकाने चार दिवस बरं वाटतं आणि लंगडणं परत येतं. मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास कडक सूज दिसली, तर थांबू नये, एक्स-रे काढावा. छातीचाही काढावा, कारण निदान होईपर्यंत रोग बहुधा फुप्फुसांत शिरलेला असतो. निवृत्त पोलीस श्वान घरी सांभाळणाऱ्यांनी दर आठवड्याला चारही पाय हाताने चाचपून पाहावेत. कळ लपवून चेंडूमागे धावणारी ही जनावरं आहेत. दुखतंय हे ती आपणहून सांगत नाहीत.